वाहता घाव

आमच्या बाई कुणाला 'कसं काय, बरं आहे ना' असं कधी विचारत नसत. माणूस दवाखान्याची पायरी चढला की त्या चष्म्यावरून त्याच्याकडे पाहायच्या आणि विचारायच्या, "जुनं काय आहे?" तापानं फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन आलेली आई बिचारी गोंधळून जायची. "नाही हो बाई, कालच आलाय ताप," असं काहीतरी पुटपुटायची. त्यावर बाई हात झटकून म्हणायच्या, "ताप आलाय तो जाईल. घरात जुनं काय आहे ते सांग. कुणाची न भरणारी जखम, न जाणारा खोकला, जिभेला रुतणारा दात?" पोराला औषध मिळायचं, तेही चांगलं मिळायचं, पण सोबत आलेल्या आजीनं 'आ' केल्याशिवाय त्या मंडळींची सुटका नसायची.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. नर्सिंगचं शिक्षण संपवून मी ठाण्याला त्यांच्याकडे नोकरीला लागले, ते काही सेवाभावानं नव्हे. कल्याणला घरी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या स्थळांपुढे पोह्यांच्या बश्या फिरवायचा मला कंटाळा आला होता. दवाखाना स्टेशनच्या पूर्वेला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे दवाखाना, मागे दोन खोल्या; एकीत बाई राहायच्या, एकीत मी. तो रस्ता पुढे मिठागरांच्या बांधावर जाऊन संपत असे, आणि बाईंनी जागा घेतली होती ती त्याच कारणासाठी.

बाई तेव्हा पन्नाशीच्या आसपास होत्या. लग्न केलेलं नव्हतं. उंच, सडसडीत, आणि चालल्या की फटक फटक आवाज यायचा, कारण पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, तेही एक माप मोठे. बूट घासता कामा नये. चष्म्याच्या दांड्यांना कानामागे कापूस गुंडाळलेला. हातातलं घड्याळ एक दिवस डाव्या मनगटावर, एक दिवस उजव्या. हातात बांगडी नाही, गळ्यात साखळी नाही, परकराला नाडी नाही. नाडीच्या जागी वीतभर रुंद जाड कापडाचा पट्टा आणि त्याला दोन बटणं. शरीराच्या एकाच जागेवर रोज रोज काहीही घासू द्यायचं नाही हा त्यांचा धर्म होता आणि तो त्या सोवळ्यासारखा पाळायच्या.

त्यांच्या घरी गरम चहा कुणालाही मिळाला नाही. कप समोर यायचा, पण त्यावर बाईंचा हात झाकणासारखा असायचा. साय धरून ती सुरकुतेपर्यंत त्या हात काढत नसत. रोज कढत चहा घशाखाली ओतायचा म्हणजे रोज घसा भाजायचा, रोज तो दुरुस्त व्हायचा, पुन्हा भाजायचा. "किती वर्षं दुरुस्ती करील बिचारा?" असं त्या घशाच्या वतीनं विचारायच्या. मी पहिल्या महिन्यातच शेजारच्या इराण्याकडे जाऊन चोरून चहा प्यायला शिकले.

त्यांचं सगळं शास्त्र या दुरुस्तीवर उभं होतं. माझ्यासारख्या पुस्तकं पाठ करून आलेल्या मुलीला त्यांनी ते एका दमात समजावलं होतं. "सूज वाईट नव्हे. भिंत पडली की गवंडी येतो, तशी ती येते. काम संपलं की गवंडी घरी गेला पाहिजे. पण तू रोज भिंतीला धक्का देत राहिलीस, तर गवंडी मुक्काम ठोकतो. वर्षानुवर्षं घरातच राहिलेला गवंडी एक दिवस नको तिथं भिंती बांधायला लागतो, आणि मग थांब म्हटलं तरी थांबत नाही. त्यालाच आपण कॅन्सर म्हणतो." पुढे मी मोठमोठ्या डॉक्टरांची व्याख्यानं ऐकली. आज हीच गोष्ट यंत्रं लावून सिद्ध केलेली वाचते. पण गवंड्याइतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नाही.

त्यांच्या पर्समध्ये पैसे असोत-नसोत, एक बारीक कानस नक्की असे. दाताचं टोक मोडलं आणि ते जिभेला किंवा गालाला रुतत राहिलं तर तिथं जखम होते. ती भरते, पुन्हा होते. म्हणून टोकदार दात दिसला की बाई तो जागच्या जागी घासून बोथट करीत. जागा कुठली हे त्यांना दिसतच नसे. कल्याणला माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं, हौसेनं मी बाईंना घेऊन गेले. पंगतीत समोर नवऱ्या मुलाचे वडील बसलेले. जिलबी चावताना ते सारखी मान तिरकी करीत होते. बाईंनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पान सोडून उठल्या, व्याह्यांसमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "आ करा."

ते गृहस्थ मोठे कडक. पण बाईंच्या आवाजात असं काही होतं की त्यांनी आ केला. आमच्या काकांच्या हातातलं तुपाचं भांडं तसंच राहिलं. कानशीचा खरखर आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला. "गालाला आतून पांढरा पट्टा पडलाय. तंबाखूची गोळी याच बाजूला ठेवता ना? ती सोडा. दाताचं काम मी केलंय," असं म्हणून बाई हात धुऊन परत आपल्या पानावर जिलबी खायला बसल्या. वरपक्ष दिवसभर तोंड पाडून होता, आणि माझी काकू मला म्हणाली, "अगं, तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंना पुन्हा कुठल्या शुभकार्याला आणू नकोस बरं." चार दिवसांनी व्याही स्वतः ठाण्याला दवाखान्यात हजर. म्हणाले, "तो दात आता लागत नाही. पलीकडचाही जरा बघता का?"

गावात चेष्टा व्हायचीच. एका नामांकित डॉक्टरांनी कुणाच्या तरी दिवाणखान्यात सगळ्यांसमोर म्हटलं, "आमच्या बाईंना जिकडे तिकडे कॅन्सर दिसतो." बाई शांतपणे आपला चहा निववत होत्या. म्हणाल्या, "मला कॅन्सर नाही दिसत. मला त्याच्या आधीचं दिसतं. तुम्हाला तो दिसतो तेव्हा तो आंधळ्यालाही दिसत असतो." पुढे त्या घरचं आमंत्रण आम्हाला आलं नाही आणि बाईंच्या ते लक्षातही आलं नाही.

हे वेड कुठून लागलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. तरुणपणी त्या मुंबईला एका मोठ्या इस्पितळात होत्या. तिथं खेड्यापाड्यांतून बायका यायच्या, कमरेला कॅन्सर झालेल्या. बाकीच्या जगात कुणाला कमरेला कॅन्सर होत नाही, आपल्याकडे होतो. कारण आपण लुगडं, धोतर, नाडी जन्मभर त्याच रेषेवर करकचून आवळतो. आधी त्वचा काळवंडते, मग तिच्यावर पांढरे डाग पडतात, खपल्या धरतात, मग भेग, मग घाव. "प्रत्येकीला मी विचारायचे, इतके दिवस का थांबलीस? प्रत्येकीचं उत्तर एक. 'हे तर जुनंच आहे.' जणू काही जुनं म्हणजे निरुपद्रवी. शेवटी मला कंटाळा आला. म्हटलं, या जिथून येतात तिथं जाऊन बसावं."

हिरूबाय दवाखान्यात आली ती नातवाचा खोकला घेऊन. मिठागरावर काम करणारी आगरी बाई, पंचेचाळिशीची, पायांच्या टाचा मिठानं पांढऱ्या पडलेल्या. बाईंनी नेहमीचा प्रश्न टाकला. ती फाडकन म्हणाली, "जुना त माजा नवराच हाय, त्याला आनू?" मी हसले. बाई हसल्या नाहीत. त्या तिच्या उभं राहण्याकडे पाहत होत्या. सगळा भार डाव्या पायावर, आणि उजवा हात कमरेपासून जरा लांब धरलेला.

पडद्यामागे नेऊन लुगडं सैल करायला लावलं. कमरेभोवती सगळीकडे पांढऱ्या, कोरड्या कातडीचा पट्टा होता, आणि उजव्या बाजूला, जिथं गाठ बसायची तिथं, घाव. त्यात राख आणि खोबरेल भरलेलं. बाईंनी तो अलगद पुसला, कडेवरून बोट फिरवलं, मग, दुखणं पसरलं की जांघेत गाठी धरतात म्हणून, तिथं दाबून दाबून पाहिलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं तेव्हा मला न सांगताच कळलं. कड उचललेली होती आणि लाकडासारखी टणक झाली होती.

"कधीपासून?"

"पयल्या पोरीच्या टायमापासून. वाहतो तो. वाहतो तवर बरा."

"बरा कसा?"

"घान भायेर जाते ना बाय. म्हून त मना कवा ताप नाय, सांधं दुखत नाय. बुजला का मग घान आत शिरते."

ही समजूत खाडीकाठच्या सगळ्या घरांत होती. वाहता घाव बुजवायचा नाही. तो भरू लागला तर बायका मुद्दाम त्यात राख भरून तो उघडा ठेवीत. आणि हिरूबायकडे नुसती समजूत नव्हती, पुरावा होता. तिच्या आईलाही असाच घाव होता, ह्याच जागी. वीसेक वर्षं वाहिला, म्हातारी तोवर डोक्यावर पाट्या वाहत होती. शेवटी फार दुखू लागला म्हणून पंधराएक वर्षांपूर्वी मुंबईला नेली. तिथं डॉक्टरांनी कापून, शिवून घाव बंद केला. पुढल्या मोसमाचं मीठ पडायच्या आत म्हातारी गेली. "वाहत होता तवर जगली, बुजवला नि मेली," हिरूबाय म्हणाली. "आता तू सांग."

मला वाटलं बाई चिडतील. त्या चिडल्या नाहीत. "हिनं विचार केलाय," त्या मला म्हणाल्या, "उत्तर चुकलं असेल, पण विचार केलाय." मग तिला म्हणाल्या, "घाव बंद केला म्हणून तुझी आई गेली नाही. तो बंद केला तेव्हा आतलं दुखणं पुढे निघून गेलं होतं. तुझं अजून गेलेलं नाही. महिनाभरात कापून काढलं पाहिजे." हिरूबायनं कमरेची गाठ पुन्हा आवळली, नातवाला काखेत मारलं आणि चालती झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मिठागरावर. मी मागून डबा घेऊन. माघ संपत आला होता, मीठ धरू लागलं होतं, उन्हानं डोळे दिपत होते. बायका खाचरातून ओलं मीठ पाटीत भरून डोक्यावर घेत आणि अरुंद बांधावरून पळतच ढिगाकडे जात. दोन्ही हात पाटीला. म्हणजे लुगडं सुटलं तर सावरायला हात नाही. म्हणून गाठ अशी आवळायची की सुटण्याचं नाव नको. पाटीतलं खारं पाणी पाठीवरून ओघळून नेमकं त्या गाठीत मुरायचं. बाई बांधावर उभ्या राहून हे पाहत होत्या. "अगं, हिला मी काल लुगडं सैल नेस म्हणून सांगणार होते," त्या हळूच मला म्हणाल्या. "बरं झालं तिनं ऐकायच्या आधी पळ काढला."

हिरूबाय त्यांना टाळत होती. पण बाई रोज जात राहिल्या, आणि बांध अरुंद असतो, किती टाळणार? शेवटी एक दिवस ती पाटी खाली ठेवून उभी राहिली. "माजी जागा जाईल बाय. मोसम भरात हाय. मी गेले का मुकादम दुसरीला लावतो. घर माज्यावर चालते."

"तुझ्या जागी मी येते," बाई म्हणाल्या.

बायका खो खो हसल्या. मुकादमही हसला. बाई म्हणाल्या, "हसायला काय झालं? पाटी उचलायची आहे ना? दोन हात मला पण आहेत." हिरूबाय हसली नाही. ती बाईंच्या डोळ्यांत पाहत म्हणाली, "आनि मी आयसारखी गेले त?"

"पुढच्या मोसमाचं मीठ पडेल तेव्हा तू या बांधावर उभी असशील. नसलीस, तर मी दवाखान्याला कुलूप घालून हे गाव सोडीन. सगळ्यांच्या देखत सांगते."

परतताना मी रस्ताभर त्यांना बोलत होते. घावाचा तुकडा काढून तपासलेला नाही, आत कुठवर गेलंय माहीत नाही, असलं वचन कुठला डॉक्टर देतो? बाई फटक फटक चालत होत्या. "गाठी मी बोटांनी पाहिल्यात. जांघ मोकळी आहे. अजून गवंडी त्याच खोलीत आहे."

"आणि तुमची बोटं चुकली तर?"

"तर मी चुकले. मग मला इथं राहून काय करायचंय?"

हिरूबाय मुंबईला जायला तयार झाली, ती बाईंवर विश्वास ठेवून की बाईंची फजिती पाहायची म्हणून, हे मला अजून सांगता येणार नाही. मी तिला घेऊन गेले. इकडे बाईंनी त्या दिवशी सकाळी खरोखरच आगरी पद्धतीनं गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलं, तेही त्या बायकांकडूनच करकचून आवळून घेतलं, आणि मिठात उतरल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा धर्म मोडला. दवाखाना सकाळचा बंद. त्यांच्या पाटीतलं निम्मं मीठ बांधावर सांडायचं. मुकादम लांबून ओरडायचा, "डागतरीनबाय, मीठ ढिगावर टाकाचा असते, रस्त्यावर नाय!"

संध्याकाळी मी मुंबईहून परतले तर त्या दवाखान्यात पालथ्या झोपलेल्या. कमरेभोवती कातडी सोललेली, लालभडक, आणि त्यात मीठ. मी तोंड सोडणार तोच त्या म्हणाल्या, "औषध लावू नकोस. उद्या त्यांना दाखवायचंय." दुसऱ्या दिवशी पोत्यांचा आडोसा करून त्यांनी सगळ्या बायकांना स्वतःची कंबर दाखवली. "ही एका दिवसाची सूज. परवा जाईल, कारण आता मी गाठ तिथं बांधणार नाही. तुम्ही त्याच जागेवर रोज बांधता. तिला जायला वेळच कुठं देता?" कुणी हसलं नाही. एक म्हातारी पुढे आली आणि तिनं बाईंच्या कमरेवर हळूच फुंकर घातली.

त्यानंतर बायकांनी त्यांना पाटीला हात लावू दिला नाही. हिरूबायच्या वाटणीचं मीठ त्या सगळ्यांनी आपापसात वाटून घेतलं, मुकादमाला डोळे वटारून गप्प केलं, आणि बाईंना पोत्याच्या आडोशाला बसवलं. एकेक जण आत जायची, कंबर दाखवायची, बाहेर यायची. दवाखान्याची पायरी जन्मात चढल्या नसत्या अशा बायका बाईंनी त्या मोसमात पाहिल्या. मी शिवणयंत्र घेऊन बसले आणि जाडसर कापडाचे वीतभर रुंद पट्टे शिवून शिवून माझी बोटं सुजली. पट्टा आत, त्यावर गाठ. गाठ आवळली तरी ती कातडीत रुतत नसे. आज गाठ डावीकडे, उद्या उजवीकडे, हाही नियम. पट्टे सगळ्यांनी घेतले. एक-दोघींनी ते पोराच्या झोळीला बांधले हेही मला माहीत आहे.

इस्पितळात तुकडा तपासला. कॅन्सरच होता. घाव आजूबाजूच्या मांसासकट रुंद कापून काढला आणि मांडीची कातडी काढून तिथं लावली. मोठ्या सर्जननी मला बाजूला घेऊन विचारलं, "कुणी पाठवली हिला? इतक्या लवकर या बायका येत नाहीत. जांघेत गाठी नाहीत." मी नाव सांगितलं. हिरूबायला मात्र या कशाचं सुख नव्हतं. मी भेटायला गेले की ती एकच विचारायची, "बुजला काय?" बुजत आला असं सांगितलं की भिंतीकडे तोंड करून पडायची.

ती परत आली ती पावसाच्या तोंडावर. मग सुरू झालं ते वाट पाहणं. गुडघा दुखला, हिरूबाय दवाखान्यात: घाण आत शिरली. पडसं झालं, हिरूबाय दवाखान्यात. बाई प्रत्येक वेळी नवा रोगी आल्यासारखं तिला तपासायच्या, जांघ दाबून पाहायच्या, "काही नाही, जा," म्हणायच्या. आवाज खणखणीत. मीही त्या आवाजाला फसले असते, पण भाद्रपदात एकदा हिरूबायला बारीक ताप आला आणि तो तीन-चार दिवस रेंगाळला. त्या सकाळी बाईंनी मी पुढे ठेवलेला कढत चहा तसाच उचलला आणि पिऊन टाकला. त्यांच्या लक्षात आलं नाही. मला फार भीती वाटली. ताप साधा निघाला.

दिवाळी झाली, मिठागरांत चिखल तुडवून जमीन चोपायला घेतली. संक्रांत गेली. एके दिवशी दुपारी हिरूबाय दवाखान्यात आली. पदराच्या टोकाला मूठभर नवं मीठ बांधलेलं. ते तिनं टेबलावर सोडलं आणि न सांगताच पडद्यामागे गेली. बाईंनी नेहमीपेक्षा जास्त वेळ तपासलं. मांडीवरची कातडी कमरेला छान धरली होती, सपाट, मऊ, थंड. जांघेत काही नाही. कुठंच काही नाही.

"मीठ पडलं," बाई म्हणाल्या, "आणि तू उभी आहेस."

मला वाटलं आता ही हसेल, चेष्टा करील. ती खाली बाकावर बसली. मग म्हणाली, "म्हंजे बुजवल्यानं नाय मरत."

"नाही मरत."

"मंग माजी आय बुजवल्यानं नाय मेली."

तिनं पदराचं रिकामं टोक मुठीत धरलं.

"ती मना बोलायची, दुखते गो, ने मना मुंबयला. दोन वर्सं बोलत होती. मीच नको म्हनले. मीच राख भरली तिच्या घावात, माज्या हातान. बुजू नको म्हून." तिनं दोन्ही तळवे समोर धरले आणि त्यांच्याकडे पाहून ती रडायला लागली. इतके दिवस त्या समजुतीनं तिला सांभाळलं होतं. आई गेली ती डॉक्टरांमुळे, असं म्हणता येत होतं. आता ती स्वतः जगली आणि ते म्हणायची सोय गेली. हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता, आणि बाईंच्याही आला नसावा. मी त्यांना रोग्याशी खोटं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. खोटा दिलासा त्यांना किळसवाणा वाटे. आता त्या काय म्हणतात याची मलाच धास्ती वाटली.

बाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या. "तुझी आई गेली तेव्हा मी मुंबईला इस्पितळातच होते," त्या म्हणाल्या. "तिच्यासारख्या किती जणी माझ्यासमोर येऊन पडायच्या. मी खुर्चीवर बसून त्यांनाच रागवायचे, उशीर का केलास म्हणून. इथून गाडीनं तासाभराची वाट. ती चालून यायला मला किती वर्षं लागली ते मोज. तुला कुणी सांगितलंच नव्हतं, तू काय करणार? ज्यांना माहीत होतं ते आम्ही आलो नाही. तो उशीर तुझा नाही, आमचा आहे."

त्यांनी ते तिच्या समाधानासाठी म्हटलं नव्हतं. त्यांचा चेहरा मी पाहत होते. हिरूबायनंही पाहिला. तिनं नाक पुसलं, आणि बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग उठून दारापाशी गेली आणि बाहेर पायरीवर पाहून म्हणाली, "ये गो आत."

पायरीवर एक तरणी बाई बसलेली होती. हिरूबायची धाकटी जाऊ. मागल्या मोसमात बाईंच्या आडोशाला सगळ्या जणी आल्या, ही एकटी काही ना काही निमित्त काढून राहिली होती. ती आत आली ती भिंतीला धरून, सगळा भार डाव्या पायावर टाकून.

"हिला पन हाय," हिरूबाय म्हणाली. "वरीस झाला लपवते. मी बोल्ले हिला, आदी माजा काय होते ते बग. जगले त तुना नेन."

बाईंनी हात धुतले आणि मला दिवा जवळ आणायला सांगितला.